बादलीभर डिझास्टर

सकाळपासून भाऊ आणि भावजय आपल्या तोंडाकडे बघतायत, हे ताईच्या ध्यानात आलं होतं. का बघतायत, ते मात्र कळत नव्हतं.

मागच्या अंगणात नाट्यगृहाचा पडदा वाळत होता. भला मोठा, जाड, चार दोऱ्यांवर पसरलेला. अजून त्याच्या खालच्या काठातून थेंब पडत होते आणि फरशीवर निळ्या पाण्याची रांगोळी सांडल्यासारखी झाली होती. भाऊ घटकाभरानं उठायचा, अंगणात जायचा, कापडाला हात लावायचा आणि मान खाली घालून परत यायचा. भावजय दुकानाच्या पुढच्या खोलीत बसून एकाच शर्टाची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती.

"काय रे, वाळला का?" ताईनं विचारलं.

"वाळतोय."

"मग तोंड असं का? तुझंच बुड त्या पाण्यात बसल्यासारखं?"

भाऊ हसला नाही. "तू बघितलास ना नीट, ताई?"

"मी बघितला म्हणून तर दोरीवर गेला. नाहीतर अजून रंगाच्या काहिलीत असता."

भाऊ उभाच राहिला. ती अजून काही बोलेल, म्हणून थांबल्यासारखा. मग पाय ओढत आत गेला. आत त्या दोघांची कुजबुज झाली आणि थांबली. ताईला ती कुजबुज नखात सल गेल्यासारखी लागली. या घरात कुजबुजायची पद्धत नव्हती. इथं सगळे ओरडून बोलायचे, कारण काहिलीखालचा बर्नर सतत घरघरत असायचा आणि ज्याला ओरडता येत नाही त्याला इथं चहासुद्धा मिळत नसे.

ते दोघं एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द सगळ्या गल्लीला माहीत होता.

डिझास्टर.

दूध उतू गेलं की ताई म्हणायची, डिझास्टर. इस्त्रीखाली कॉलर जराशी करपली, डिझास्टर. गिऱ्हाईक छत्री विसरून गेलं आणि पाऊस आला, डिझास्टर. मांजर धुतलेल्या चादरीवर चालून गेली, तर डिझास्टर आणि वर मांजरीच्या सात पिढ्या. ताईनं आतून आरोळी दिली की भाऊ काहिलीजवळून, हातातला दांडा न थांबवता, विचारायचा, "किती?" आणि ताई मोजून सांगायची. "चमचाभर." "वाटीभर." फारच झालं तर, "बादलीभर!" बादलीभर म्हटलं की भाऊ दांडा ठेवून धावत यायचा. काहीलभर ती आजवर कधी म्हणाली नव्हती. गिऱ्हाइकांनाही हे माप पाठ झालं होतं. कोपऱ्यावरचा चपला शिवणारा तिला बघितलं की विचारायचा, "काय ताई, आज किती?" आणि तिच्या पाठीमागे तिला डिझास्टरताई म्हणायचा. पाठीमागे म्हणजे तिला ऐकू जाईल इतक्याच अंतरावर.

हा शब्द तिनं गिरणीतून आणला होता. तरुणपणी ती एका मोठ्या गिरणीत रंगाई शिकायला गेली, तेव्हा तिथला मुख्य रंगमास्तर परदेशातून आलेला होता. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि त्याची भाषा कुणाला येत नव्हती. मध्ये पुलासारखी थोडी इंग्रजी होती आणि त्या पुलावरून हाच एक शब्द दिवसभर ये-जा करायचा. रंग फुटला, डिझास्टर. चहा गार झाला, डिझास्टर. त्याच्या कोटाचं बटण तुटून काहिलीत पडलं, तर तो वाकून, हात मागे बांधून, खूप वेळ त्या बटणाला निरोप देत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, डिझास्टर. ना चढा आवाज, ना कपाळाला हात. आज वारा आहे, असं म्हणावं तसा. मग बाही वर करायचा आणि बिघडलेलं दुरुस्त करायला लागायचा.

ताईला याचं फार नवल वाटलं होतं. कारण तिच्या घरात अशा गोष्टीला एकच शब्द होता आणि तो एकदाच उच्चारला गेला होता. ती लहान असताना बापाच्या रंगाईच्या दुकानाला आग लागली. लोकांनी पाणी मारलं, वाळू मारली, कापडाचे गठ्ठे ओढून काढले, पण उरलं काहीच नाही. तिची आई रस्त्याच्या मधोमध उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "वाटोळं झालं." त्या दिवसापासून तो शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढला नाही. भांडं फुटलं तरी नाही. परीक्षेत नापास झालं तरी नाही. जणू तो शब्द आईनं त्या रस्त्यावर पुरून ठेवला होता आणि कुणी नाव घेतलं तर तो उठून घरी येईल.

गिरणीत ताईला परका शब्द सापडला. तो तिला हातमोज्यासारखा वाटला. हातमोजा घातला की तापलेलं भांडंही उचलता येतं. चटका बसत नाही. बिघडलेली प्रत्येक गोष्ट तिनं त्या हातमोज्यानं उचलली, चुलीवरून खाली ठेवली आणि कामाला लागली. बाप गेला, मग आई गेली, धाकट्या भावाला तिनं वाढवलं, पुन्हा दुकान उभं केलं. लग्नाचं राहून गेलं. त्याबद्दल कुणी विचारलं की ती म्हणायची, "चमचाभर डिझास्टर." आणि विचारणारा हसून दुसरं काहीतरी बोलायला लागायचा.

म्हणून भाऊ आणि भावजय वाट बघत होते. कारण त्या दोघांना दिसत होतं, की अंगणातला पडदा बिघडलाय. बादलीभर नव्हे, त्याहून जास्त. आणि ताई तो शब्द उच्चारत नव्हती.

*

त्या पडद्याची गोष्ट अशी.

नाट्यगृहाचा व्यवस्थापक, ज्याला सगळे घंटावाला म्हणायचे कारण खेळाआधीची घंटा तो दुसऱ्या कुणाला वाजवू देत नसे, मागच्या आठवड्यात स्वतः दुकानात आला. छप्पर गळून पडद्याची डावी बाजू कुजली होती. उजवी ठणठणीत होती. डाव्या बाजूसाठी नवं कोरं कापड शिवून आणलं होतं. आता ते उजवीच्या रंगात रंगवायचं.

"शनिवारी नवा खेळ आहे," घंटावाला म्हणाला. "पडदा मिटला की दोन्ही बाजू एक दिसल्या पाहिजेत. मधली शिवण शोधावी लागली पाहिजे."

"मूळ पडदा कुणी रंगवला होता?" ताईनं विचारलं.

"तुम्हीच की."

"मग मला कशाला सांगता?"

घंटावाल्यानं खिशातून एक चिंधी काढली. उजव्या पडद्याच्या दुमडीतून कापलेली, बोटभर रुंद. ताईनं ती खिडकीत धरली, एकदाच बघितली आणि मुठीत घेतली.

ही तिची पद्धत होती. नमुना एकदाच बघायचा, मग तो खिशात ठेवायचा आणि काहिलीवर बसायचं. गिरणीच्या मास्तरकडे मापं होती, वजनं होती, काचेच्या नळ्या होत्या. ताईकडे डोळा होता. रंगात चिंधी बुडवायची, पिळायची, इस्त्रीनं वाळवायची, खिडकीशी न्यायची, बघायची, अजून काय हवं ते ठरवायचं. खिडकीशी ती एकटी उभी राहायची. भाऊ ढवळायचा, पिळायचा, उचलायचा, पण खिडकीशी यायचा नाही. त्याला कधी कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर पाय थांबावा तसा त्याचा पाय थांबायचा.

आणि तो पडद्याचा रंग तर तिचा स्वतःचा. तिनं त्याला सांजनिळा नाव दिलं होतं. दिवस बुडाल्यावर, दिवे लागायच्या आत, आकाशात जी राख मिसळलेली निळाई थोडा वेळ उभी असते, ती. त्या रंगासाठी ती कितीतरी संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसली होती. पडदा लागला तेव्हा पहिल्या खेळाला ती गेली होती आणि खेळ सुरू होऊन पडदा उघडला तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. लोक नटांना टाळ्या वाजवत होते. ती पुन्हा पडदा पडायची वाट बघत बसली होती.

आता काहिलीत कापड उतरलं, दांडा फिरायला लागला. ताईनं पहिली चिंधी वाळवून खिडकीत धरली. रंग मेल्यासारखा वाटला. तिनं निळा वाढवला. दुसरी चिंधी. अजून मेलेली. पुन्हा निळा. तिनं खिशातला नमुना काढून शेजारी धरला, तर नमुनाही पिवळट, धुरकट. तिला राग आला.

"ही चिंधी मळलीय," ती म्हणाली. "इतकी वर्षं धूळ आणि घाम खाल्लाय तिनं. हिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मला मूळ रंग आठवतोय."

"घंटावाल्यानं आतल्या दुमडीतून कापलीय ती," भाऊ म्हणाला. "तिथं धूळ कशी जाईल?"

"धुळीला काय तुझी परवानगी लागते?"

भाऊ पुन्हा ढवळायला लागला. ताईनं डोळे मिटले, गच्चीवरचं ते आकाश आठवलं, डोळे उघडले आणि काहिलीत निळा टाकला. आकाश जवळ येईपर्यंत टाकत राहिली. शेवटची चिंधी खिडकीत धरली तेव्हा तिला हलकं वाटलं. आला. तोच.

मागे उभ्या असलेल्या भावजयीच्या हातातून साबणाची वडी खाली पडली. ताईला वाटलं, निसटली असेल.

*

खरं तर ताईला काही कळत नव्हतं असं नाही. काहीतरी चाललं होतं, आणि ते काय आहे याचा विचार मनात यायला लागला की ती उठून दुसरं काम काढायची. गेल्या काही महिन्यांत ती फार कामं काढायला लागली होती.

दुकानातले दिवे पिवळे पडलेत, म्हणून तिनं भावाकडून ते बदलून घेतले. नवेही पिवळेच लागले. खिडकीच्या काचा मळल्यात, म्हणून तिनं स्टुलावर चढून त्या घासल्या, बाहेरून, आतून, वर्तमानपत्रानं, पुन्हा कापडानं. पांढऱ्या चादरी पिवळट राहिल्यात, म्हणून धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला लावल्या. भावजय मुकाट्यानं धुवायची. एकदा ती म्हणाली, "वन्सं, आता याच्याहून पांढरी झाली तर ही चादर राहणार नाही, उजेड होईल." ताईला हसू आलं, पण चादर पिवळीच दिसत राहिली.

एका बाईचा कोट परत आला. फारच निळा झाला म्हणून. भावजयीनं तिला पुढच्या खोलीतच गोड बोलून परत पाठवलं आणि ताईला सांगितलं, की बाई कोट बघून खूश होऊन गेली. ते खोटं ताईच्या कानावर आलं होतं. चपला शिवणाऱ्याच्या कानावर काही आलं की ते गल्लीभर होतं. ताईनं कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवशी तिनं सगळे डबे फळीवरून काढून फळी पुसली आणि डबे परत लावले.

विचारून काय करायचं होतं? या घराचा भाऊ मालक होता, भावजय मालकीण होती. स्वयंपाकघर भावजयीचं, पुढची खोली गिऱ्हाइकांची, मागची काहिलीची. ताईची जागा एकच होती, खिडकीसमोरची. ती त्या जागेवर उभी होती म्हणून ती या घरातली मोठी होती. त्या जागेवरून उतरली, तर मग कोण? भावाच्या घरी राहणारी एक बहीण. जेवायला वाढलं की जेवणारी. तसं कुणी म्हणालं नसतं. भाऊ तर कधीच नाही. पण कुणी म्हणायचं नसतं म्हणूनच ते घरात जास्त जागा व्यापतं, हे आईच्या त्या पुरलेल्या शब्दावरून ताईला चांगलं माहीत होतं.

*

दुपारपर्यंत पडदा वाळला. भावानं आणि एका हमालानं तो घडी करून हातगाडीवर घातला. भाऊ म्हणाला, "ताई, एकदा शेवटचं बघ. अजून वेळ आहे. काही वाटतंय का तुला?"

"मला वाटतंय की तू फार बोलायला लागलायस."

"एकदा म्हण तरी."

"काय म्हणू?"

भावानं गाडी ढकलली.

नाट्यगृहात खुर्च्यांवर चादरी झाकल्या होत्या. रंगमंचावर सुतार ठोकाठोक करत होते. पडदा वर चढवायला वेळ लागला. दोरखंड, कप्प्या, घंटावाल्याची आरडाओरड, "अरे सावकाश, नट नाही तो, पडदा आहे, नट दुसरा मिळतो!" ताई पहिल्या रांगेत एका खुर्चीच्या दांडीला धरून उभी होती. बसवत नव्हतं. तिनं हात पुसले, पुन्हा पुसले.

"मिटा!" घंटावाला ओरडला.

दोन्ही बाजू सरसरत मध्ये आल्या आणि भेटल्या. सगळे दिवे लागले.

ताईनं बघितलं. डावी बाजू तिच्या मनातल्या आकाशासारखी. उजवी जराशी थकलेली, मळकट. असं होणारच, इतकी वर्षं झाली. धुतली की होईल. ती समाधानानं वळली आणि तिला लोकांचे चेहरे दिसले.

सुतारांचं ठोकणं थांबलं होतं. एकाच्या ओठांत खिळे धरलेले तसेच होते. घंटावाल्याचा हात हवेत वर गेला होता, तो खाली यायचा विसरला होता. भाऊ पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि लहानपणी ताप चढला की तिच्याकडे जसा बघायचा, तसा.

"काय झालं?" ताई म्हणाली.

घंटावाल्यानं वर गेलेला हात खाली घेतला.

"अहो, काय झालं? घंटावाले, एरवी तुमची जीभ टाळूला लागत नाही!"

घंटावाल्यानं घसा खाकरला. चांगला माणूस होता. त्यानं तिची सुटका करायला तिचाच शब्द काढला. हसून म्हणाला, "ताई, म्हणजे हे जरा... तुमच्या मापानं सांगायचं तर... डिझास्टर आहे."

तिचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून आला. हलका, हसरा, तिनंच इतकी वर्षं वापरून गुळगुळीत केलेला. सुतारांपैकी कुणीतरी सवयीनं विचारलंसुद्धा, "किती?" आणि लगेच जीभ चावली.

ताईनं पुन्हा पडद्याकडे बघितलं. डोळे बारीक केले, मोठे केले. बाजूला झाली, मागं गेली. तिला तो फरक दिसत नव्हता जो बाकी सगळ्यांना दिसत होता. शिवणीच्या दोन्हीकडे तिला थोडा फरक दिसत होता, थकव्याएवढा, धुळीएवढा. त्याच्यासाठी कुणी खिळे तोंडात धरून उभं राहत नाही.

"धाकट्या," ती म्हणाली. चारचौघांत ती त्याला असं म्हणत नसे. "तू सांग."

भाऊ जवळ आला. "फार निळं झालंय गं, ताई. त्या बाजूशी काही नातंच नाही. दिवे लागले आणि ओरडलं ते."

"तुला कधी दिसलं?"

"काहिलीत."

"आणि हिला?"

"तिलाही."

"मग बोलला का नाहीत रे?"

भावानं हातातला दोरखंड हातावर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तू म्हणशील असं वाटलं," तो म्हणाला. "बिघडलं की तू म्हणतेस. तू म्हणाली नाहीस, म्हणजे आम्हालाच चुकीचं दिसत असेल, असं..."

*

ताई एकटीच निघाली. घराकडं जायचा रस्ता सोडून दुसऱ्याच रस्त्यानं गेली. दुकानांच्या पाट्या बघत चालली. ही निळी की हिरवी? ती काळी की निळी? एका घराच्या गॅलरीत टांगलेली चादर तिला राखाडी वाटली, आणि तिथं उभ्या असलेल्या पोरीला तिनं खालूनच विचारलं, "बाळ, ही चादर कुठल्या रंगाची?" पोरगी म्हणाली, "निळी." आणि वेड्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली. ताई पुढे गेली. पुढच्या चौकात परत वळली. तिला कुठं जायचं होतं ते तिलाच ठाऊक नव्हतं. पाय मात्र थांबायला तयार नव्हते. आई त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध कशी उभी राहू शकली असेल, याचं तिला आज पहिल्यांदा नवल वाटलं.

घरी आली तेव्हा भावजय मागच्या खोलीत काहील घासत होती. पडदा परत आला होता आणि घडी करून कोपऱ्यात ठेवला होता. भाऊ पायरीवर बसला होता. ताईला बघून दोघंही उठले.

"बसा," ताई म्हणाली. "मी काही पाहुणी नाही."

"चहा ठेवते," भावजय म्हणाली.

"तो कोट. बाई खूश होऊन गेली नव्हती."

भावजयीचा हात काहिलीच्या काठावर थांबला. "नाही, वन्सं."

"चादरी पांढऱ्या होत्या."

"होत्या."

"सगळ्या?"

"पहिल्याच धुण्यात." भावजय हळूच म्हणाली. "तरीही मी धुतल्या. म्हटलं, धुवून काय झिजतंय. तुम्हाला पांढऱ्या दिसेपर्यंत धुऊ."

ताई खिडकीशी गेली, पण उभी राहिली नाही. परत फिरली, फळीवरचा डबा सरळ केला, तो सरळच होता.

भाऊ म्हणाला, "ताई, होतं असं. मोतीबिंदू असेल. शेजारच्या आजोबांचा काढला, आता ते दुसऱ्यांच्या ताटातलं बघतात. एकदा तुझा तो शब्द म्हण आणि सोड बघू. मी विचारतो. किती?"

ताईनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आलासुद्धा. इतक्या वर्षांची सवय. पण तो ओठांवर आला आणि तिला जाणवलं, की या भांड्याला तो हातमोजा पुरायचा नाही.

"नको," ती म्हणाली. "तो नको आता."

बर्नर बंद होता, आज या खोलीत ओरडून बोलायची गरज नव्हती. ताई भिंतीला टेकली.

"वाटोळं केलं मी," ती म्हणाली. "पडद्याचं नाही. पडदा पुन्हा होईल. मला कळत होतं रे. काचा पुसताना कळत होतं. काचा स्वच्छ होत्या. मला निळा दिसत नाही."

भाऊ उठायला लागला. भावजयीनं त्याला डोळ्यांनी बसवलं. तो शब्द खोलीत येऊन उभा होता आणि काहीच पेटलं नव्हतं. आईनं पुरलेला तो शब्द इतका साधा होता, याचं ताईला एक वेगळंच दुःख झालं. एवढ्यासाठी आपण आयुष्यभर त्याच्यावरून उडी मारून चाललो.

"आणि मी खिडकीत उभी राहिले नाही, तर मग मी इथं काय करायचं?" ती म्हणाली. हे मात्र तिला म्हणायचं नव्हतं. ते निसटलं.

भाऊ गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही. भावजयीला कळला. ती दुसऱ्या घरातून या घरात आली होती, आणि आपण इथं काय करायचं हा प्रश्न तिनं आल्या आल्या कितीतरी दिवस उशाशी घेतला होता. ती उठली, ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, "रंग काढायची पूड कुठल्या डब्यात आहे?"

"का?"

"शनिवार जवळ आलाय. पडद्याचा रंग उतरवायला नको? हे नुसते पिळतील. मला सांगणारं कुणी लागेल."

*

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बघितलं आणि मोतीबिंदूच आहे म्हणाले. दोन्ही डोळ्यांत. काढता येईल, तारीख पुढची मिळेल. "मग निळा दिसेल?" ताईनं विचारलं. "दिसेल की," डॉक्टर म्हणाले. "कदाचित आधी फारच निळा दिसेल." फारच निळा या शब्दांवर ताईचा आता विश्वास उरला नव्हता.

आणि तारीख शनिवारच्या पुढची होती.

पडदा काहिलीत उकळून रंग उतरवला. कापड पुन्हा राखाडी, गरीब झालं. पाणी बदललं. भाऊ दांडा घेऊन उभा राहिला. ताईनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि घंटावाल्याची चिंधी काढली. ती चिंधी तिनं थोडा वेळ तळहातावर धरली. मग भावजयीपुढं धरली.

"नमुना तू धर."

भावजयीनं ती घेतली, पण देवाचा अंगारा घ्यावा तशी, दोन्ही हातांनी. ताईला राग आला.

"चिंधी आहे ती! बोटात धर. खिडकीत जा. तशी नाही, पाठ कर. उजेड तुझ्या खांद्यावरून त्याच्यावर पडला पाहिजे. अगं, सावली पाडतेस!"

"कुठं उभी राहू?"

"मी राहते तिथं."

भावजय त्या जागेवर उभी राहिली. तिथली फरशी थोडी झिजली होती. तिचे पाय त्या झिजेत बरोबर बसले नाहीत, तिचे पाय लहान होते.

पहिली चिंधी वाळवून ताईनं दिली. "सांग."

"थोडी कमी आहे."

"थोडी म्हणजे? काय कमी आहे? निळा कमी आहे, की राख जास्त आहे?"

"मला तसं नाही सांगता येत, वन्सं. ही जरा... उदास आहे. नमुना एवढा उदास नाही."

ताई रागावून काहीतरी बोलणार होती. मग थांबली. "उदास," ती स्वतःशीच म्हणाली. तिनं डोळे मिटले. मग हाताच्या अंदाजानं चिमूटभर निळा पाण्यात टाकला, आणि भावाला म्हणाली, "खालून ढवळ. वरवर नको."

दुसरी चिंधी. "अजून?"

"आता बरीच जवळ. पण नमुन्यात काहीतरी जुनं आहे. यात नाही."

"काळा. नखाच्या टोकाएवढा." ताईनं टाकला. माप चुकलं नाही. माप बोटांत होतं, डोळ्यांत नव्हतं. ती येरझाऱ्या घालत होती. काहिलीपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून दारापर्यंत. खिडकीशी जायचं आणि थांबायचं, आणि परत फिरायचं. भाऊ इतकी वर्षं जिथं थांबायचा, तिथंच तिचा पाय थांबत होता.

तिसरी चिंधी. भावजय खूप वेळ बघत राहिली. बाहेर गाडीवाला गेला, त्याचा आवाज येऊन गेला. ताईला वाटलं, आपणच जाऊन हिसकावून घ्यावी.

"सांग ना गं!"

"हीच."

"हिरवट नाही ना?"

"नाही."

"तांबूस झाक? कडेला?"

"नाही."

"खात्री आहे?"

एरवी भावजय म्हणाली असती, तुम्हीच बघा, वन्सं. तोंडापर्यंत आलं होतं तिच्या, ताईला ते दिसलं. पण ती वळली, चिंधी आणि नमुना दोन्ही बोटांत धरून, आणि म्हणाली, "खात्री आहे."

भावानं दांडा थांबवला. तो आता भावजयीकडे बघत नव्हता, ताईकडे बघत होता. काढू का, असं.

ताईनं काहिलीकडे बघितलं. पाणी तिला राखाडी दिसत होतं. नुसतं राखाडी, भांडी घासल्यावर उरतं तसं. त्यात कुठलंही आकाश नव्हतं.

"काढ," ती म्हणाली.

कापड वर आलं, पाणी गळायला लागलं. भाऊ आणि भावजय पडद्याची दोन टोकं धरून पिळायला लागले. ताईला काही काम नव्हतं. तिचा उजवा हात सवयीनं एप्रनच्या खिशात गेला, चिंधी चाचपायला. खिसा रिकामा होता. तिनं हात तसाच आत ठेवला, आणि अंगणात पडदा पसरला जाईपर्यंत तो बाहेर काढला नाही.